तिरुक्कुरळ आणि आपला मूल्यशिक्षणाचा तास



आपल्या प्रत्येक शाळेत परिपाठाला रोज एक सुविचार असतो. फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने तो लिहिला जातो, एक विद्यार्थी मोठ्याने वाचतो, बाकीची मुलं मागे म्हणतात. दुसऱ्या दिवशी तो पुसून नवा लिहिला जातो. 'नेहमी खरे बोलावे', 'सर्वांशी गोड बोलावे', 'उपकार विसरू नयेत'. वर्षभरात असे कितीतरी सुविचार मुलांच्या कानावरून जातात. त्यातले वागण्यात किती उतरले, हे मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आपण सगळ्यांनी डी.एड.ला पाठ केली आहेत. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि सौजन्यशीलता. या यादीत काही कमी आहे असं मला वाटत नाही. अडचण आहे ती शिकवण्याच्या रीतीत. आपण मूल्य हुकमासारखं सांगतो. असं कर, तसं करू नको. 'का?' हा प्रश्न मुलांच्या तोंडापर्यंत येतो आणि घंटा होते.

या रीतीला दुसरा पर्याय काय, हे शोधताना मला एका फार जुन्या ग्रंथाचा उपयोग झाला. तो आहे तमिळ भाषेतला 'तिरुक्कुरळ'. आज त्याची ओळख करून घेऊ आणि आपल्या वर्गात त्याचं काय करता येईल तेही पाहू.

साने गुरुजी आणि कुरळ

तमिळ ग्रंथ आणि मराठी शाळा यांचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. तो संबंध एका शिक्षकानेच जोडून ठेवला आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्यांना शिक्षा झाली. आधी धुळ्याच्या तुरुंगात आणि मग दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीला, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीला, त्यांना ठेवण्यात आलं.

अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा. गुरुजींनी तिथे काय केलं? ते तमिळ शिकले. पोटापुरते चार शब्द शिकून थांबले नाहीत. त्या भाषेतल्या सर्वांत मान्यता पावलेल्या नीतिग्रंथापर्यंत पोचले आणि कुरळ त्यांनी मराठीत आणला. 'श्यामची आई' त्यानंतर, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. श्यामच्या आईचे संस्कार आपल्याला तोंडपाठ असतात. त्याच लेखणीने तमिळ कुरळही मराठीत आणला, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो.

पुढे गुरुजींनी 'आंतरभारती'चं स्वप्न मांडलं. भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचं साहित्य आपापल्या भाषेत आणावं, ही त्यामागची कल्पना. आपल्या यादीतली 'राष्ट्रीय एकात्मता' गुरुजींनी अशी आधी स्वतः करून दाखवली होती.

ग्रंथ आहे तरी कसा?

'तिरु' म्हणजे श्री किंवा पवित्र आणि 'कुरळ' म्हणजे आखूड. नाव खरंच शोभतं. यातलं प्रत्येक पद्य दोन ओळींचं आणि मोजून सात शब्दगटांचं. पहिल्या ओळीत चार, दुसऱ्या ओळीत तीन. अशी एकूण १३३० पद्यं. दहा-दहा पद्यांचा एक अध्याय, म्हणून अध्याय १३३. आकडे मुलांना लगेच पटतात, पाढ्यातलं उदाहरण म्हणूनही चालतात.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिला धर्माचा, म्हणजे घरात आणि समाजात नीट वागण्याचा. त्यात ३८ अध्याय. दुसरा अर्थाचा, म्हणजे राज्यकारभार, मैत्री, शिक्षण, शेती अशा व्यवहाराचा; त्यात ७० अध्याय. तिसरा प्रेमाचा, त्यात २५ अध्याय. कन्याकुमारीला समुद्रातल्या खडकावर कवी तिरुवळ्ळुवर यांचा दगडी पुतळा आहे. २००० सालच्या पहिल्या दिवशी त्याचं अनावरण झालं. त्याची उंची १३३ फूट ठेवली, ती या अध्यायांवरून. त्यातला चौथरा ३८ फुटांचा आणि त्यावरची मूर्ती ९५ फुटांची. मुलांना आधी आकडे देऊन 'असं का बरं?' एवढंच विचारा. ७० आणि २५ ची बेरीज करून ती स्वतःच उत्तर काढतात.

तिरुवळ्ळुवर नेमके कुठल्या शतकातले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. लोकपरंपरा त्यांना विणकर मानते. पहिल्या अध्यायात ईश्वराची स्तुती आहे, पण कुठल्याही एका पंथाचं नाव नाही. त्यामुळे जैन, शैव, वैष्णव सगळेच हा ग्रंथ आपला मानतात. आणखी एक गंमत. तमिळ माणसाला ज्याचा एवढा अभिमान, त्या ग्रंथात 'तमिळ' हा शब्द कुठेही आलेला नाही. सांगितलेलं सगळं माणसासाठी आहे. तमिळनाडूच्या सरकारी बसमध्ये कुरळ लिहिलेले असतात. आपल्या एस.टी.त सूचना असतात तसेच, रोजच्या प्रवासात नजरेला पडणारे.

एक मूल्य, दहा बाजू

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आपला सुविचार एका ओळीत संपतो. कुरळमध्ये एका मूल्याला दहा पद्यं आहेत आणि ती दहा वेळा तेच सांगत नाहीत. एकात कारण असतं, एकात रोजच्या जगण्यातलं उदाहरण, एकात तोटा, तर एकात अवघड प्रसंग. दहा वाटांनी कवी एकाच ठिकाणी आणून सोडतो.

गोड बोलण्याचा अध्याय घ्या. तिरुवळ्ळुवर 'गोड बोला' असा नुसता आदेश देऊन थांबत नाहीत. गोड शब्द हाताशी असताना कडू शब्द वापरणाऱ्याला ते पिकलेलं फळ सोडून कच्चं तोडणाऱ्याच्या रांगेत बसवतात. हे उदाहरण वर्गात सांगितलं की मुलं हसतात आणि स्वतःहून म्हणतात, असं कोण करेल! तिथेच धडा पोचतो. वेगळं दटावावं लागत नाही.

कृतज्ञतेच्या अध्यायात उपकार कसा मोजावा याचा विचार आहे. मदत किती मोठी यापेक्षा ती कोणत्या वेळी मिळाली हे कवीला महत्त्वाचं वाटतं. परीक्षेच्या दिवशी शेजारच्या मुलीने दिलेलं दहा रुपयांचं पेन आणि वाढदिवसाला मिळालेली दोनशे रुपयांची पेटी, यात मोठं काय? हा प्रश्न मी चौथीच्या वर्गाला घातला तेव्हा अर्धा तास वाद चालला. त्याच अध्यायात आणखी एक व्यवहारी शिकवण आहे. कुणी केलेलं चांगलं विसरू नये आणि कुणी केलेलं वाईट त्याच दिवशी विसरून जावं. आपण घरी नेमकं उलटं करतो का, हे मोठ्यांनीही तपासायला हरकत नाही.

अहिंसेच्या बाबतीत कुरळ एक पाऊल पुढे जातो. ज्याने आपल्याला त्रास दिला त्याला शिक्षा काय, तर त्याच्याशी इतकं चांगलं वागावं की त्याचं त्यालाच लाजल्यासारखं व्हावं. रशियन लेखक टॉलस्टॉय यांनी १९०८ साली एका हिंदी तरुणाला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात कुरळमधले विचार घेतले होते. गांधीजींनी ते पत्र भाषांतर करून छापलं. म्हणजे तमिळ देशातला हा विचार रशियाला जाऊन गांधीजींकडे परत आला.

पाऊस आणि नांगर

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या लेकरांना सगळ्यांत जवळचा वाटेल तो दुसरा अध्याय. ईश्वरस्तुती झाली की लगेच कवी पावसावर येतो. पाऊस पडला नाही तर पीक नाही एवढंच त्याला सांगायचं नाही. पाऊस नसेल तर दानधर्म थांबतो, तप थांबतं, देवाची पूजाअर्चासुद्धा नीट होत नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. पोट आणि पाणी यांच्याशिवाय नीतीच्या गोष्टी टिकत नाहीत, हे त्याला माहीत होतं. टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी राहिलेली आणि तिथली भांडणं पाहिलेली आपली मुलं हे चटकन समजून घेतात.

शेतीवर तर वेगळा अध्याय आहे. जग कितीही भटकलं तरी शेवटी नांगराच्या मागेच येतं, हा त्याचा गाभा. नांगरणी, खत, खुरपणी, पाणी, राखण अशी कामं क्रमाने येतात आणि नांगरण्यापेक्षा खत, पाण्यापेक्षा राखण महत्त्वाची, अशी तुलनाही आहे. जो मालक रोज शेताकडे फिरकत नाही त्याच्यावर शेत रुसतं, असंही कवी म्हणतो. हे ऐकल्यावर मुलांना घरी पाठवा आणि आजोबांना विचारायला सांगा, की हे खरं आहे का? श्रमप्रतिष्ठेचा यापेक्षा चांगला गृहपाठ मला तरी सुचलेला नाही. सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या आजोबांना आपल्या ज्ञानाची किंमत त्या दिवशी नातवाच्या डोळ्यांत दिसते.

मुलांचे अवघड प्रश्न

'नेहमी खरे बोलावे' म्हटलं की एखादं चुणचुणीत लेकरू विचारतंच, "मॅडम, आजी आजारी असताना तिला खरं सांगायचं का?" आपण बहुतेक वेळा विषय बदलतो. तिरुवळ्ळुवर बदलत नाहीत. खरेपणाच्या अध्यायाची सुरुवातच त्यांनी इथून केली आहे. ज्या बोलण्यातून कुणाचंही वाईट होत नाही ते खरं, अशी त्यांची व्याख्या. कुणाचं निखळ भलं होत असेल तर वेळप्रसंगी खोटंही खऱ्याच्या जागी बसतं, इतपत ते जातात. मात्र लगेच पुढे बजावतात, की आपल्या मनाला जे खोटं माहीत आहे ते बोलू नये, नाहीतर आपलंच मन आपल्याला जाळत राहतं.

इथे वर्गात थांबायचं आणि मुलांना बोलू द्यायचं. स्वतःचा मार वाचवायला बोललेलं खोटं आणि आजीला धीर द्यायला बोललेलं खोटं एकच का? चौथी-पाचवीची मुलं यावर फार नीट बोलतात.

दुसरा प्रश्न आपल्या गावाचा आहे. तुळजापुरातली मुलं शाळेत येता-जाता देवीच्या मंदिराकडचा रस्ता रोज पाहतात. तिथे भीक मागणारी माणसं असतात, आणि त्यात त्यांच्याच वयाची पोरंही असतात. आपण मुलांना एकतर 'दान करावं' म्हणतो, नाहीतर 'तिकडे बघू नको' म्हणतो. कुरळमध्ये याचनेवर लागोपाठ दोन अध्याय आहेत. हात पसरायला लागणं माणसाला किती लाजिरवाणं आणि जड जातं, हे त्यात मागणाऱ्याच्या बाजूने समजून घेतलं आहे. कुणाला भीक मागूनच जगावं लागत असेल, तर जग घडवणाऱ्यालाच कवी कठोर शब्दांत बोल लावतो. दोष मागणाऱ्याला दिलेला नाही. भीक मागणारं पोर शाळेत का नाही, हा प्रश्न मुलांनी विचारला पाहिजे आणि तो आपल्यालाही टोचला पाहिजे. संवेदनशीलता हे मूल्य इथे खरं होतं.

जसंच्या तसं घ्यायचं का?

नाही. जुना ग्रंथ आहे म्हणून सगळंच डोक्यावर घेऊ नये. पत्नीने पतीला देव मानण्याची कल्पना कुरळमध्ये आहे. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे चालणाऱ्या पुरुषाला नावं ठेवणारा अख्खा एक अध्याय आहे. स्त्री-पुरुष समानता शिकवताना हे चालणार नाही आणि तसं मोठ्या मुलांना सरळ सांगावं. त्याच ग्रंथात जन्माने सगळी माणसं सारखीच, असंही म्हटलेलं आहे. चांगलं ते घेणं आणि न पटलेलं कारण देऊन बाजूला ठेवणं, हाही मूल्यशिक्षणाचाच भाग. आपल्या संतवाङ्मयाकडे, सुभाषितांकडे पाहतानाही हीच सवय उपयोगी पडते.

तमिळ आपल्याला खरंच परकी आहे का?

दक्षिणेकडून आलेल्या भाविकांचं बोलणं ऐकून आपली मुलं 'यंडू गुंडू' करत हसतात. घरातही दक्षिणेतल्या सगळ्यांना मिळून 'मद्रासी' म्हटलं जातं. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चार वेगवेगळ्या भाषा आहेत हे मुलांच्या गावी नसतं. म्हणून तीन गोष्टी त्यांना आवर्जून सांगा.

पहिली गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या तेरची. सातवाहनांच्या काळात 'तगर' नावाने हे गाव मोठी बाजारपेठ होतं. एका जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत त्याचा उल्लेख आहे आणि त्याच पुस्तकात दक्षिणेकडच्या तमिळ मुलखातल्या बंदरांचीही नावं आहेत. सातवाहन राजांच्या काही चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला तमिळशी जवळचं नातं असलेली भाषा आढळते. म्हणजे दोन्ही भाषा एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या, अगदी शब्दशः.

दुसरी गोष्ट तंजावरची. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तमिळ मुलखात भोसल्यांचं राज्य स्थापन केलं, ते १८५५ पर्यंत टिकलं. त्या घराण्यात 'तुळजाजी' नावाचे दोन राजे झाले. तुळजाभवानी ही भोसल्यांची कुलदेवी. आपल्या गावाच्या देवीचं नाव शेकडो कोसांवर तमिळ देशातल्या गादीवर होतं, हे ऐकून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

तिसरी गोष्ट एका अक्षराची. फळ्यावर तीन शब्द लिहा: तमिळ, कुरळ, तुळजापूर. तिन्हींत सारखं काय? ळ! प्रमाण हिंदीत हे अक्षर नाही, पण मराठीत आणि दक्षिणेतल्या भाषांत ते रोजचं आहे. तमिळला २००४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये. आता दोघी एका पंगतीत बसल्या आहेत. शेजारणीच्या ताटात काय आहे हे बघायला काय हरकत आहे?

वर्गात कसं घ्यावं?

रोज नवा सुविचार लिहिण्याऐवजी आठवडाभर एकच मूल्य ठेवा. मी साधारण असं करते:

सोमवार: मूल्याचं नाव फळ्यावर. त्याबद्दल मुलांना काय वाटतं ते बोलू द्यायचं. आपण फक्त लिहून घ्यायचं.
मंगळवार: एक उदाहरण. कुरळमधलं किंवा गावातलं, शेतातलं, स्वयंपाकघरातलं.
बुधवार: 'का?' या मूल्याने फायदा कुणाचा, नसेल तर तोटा कुणाचा?
गुरुवार: अवघड प्रसंग. 'अशा वेळी काय कराल?' दोन गट करून चर्चा.
शुक्रवार: घरच्यांना विचारून आणलेला अनुभव.
शनिवार: सात शब्दांचा सुविचार. वर चार शब्द, खाली तीन. मुलांनी स्वतः करायचा.

शनिवारचा उपक्रम मुलांना सगळ्यांत आवडतो. नमुन्यासाठी असं काही सांगता येईल: 'पाण्याचा नळ बंद कर, उद्याही तहान लागेल.' किंवा 'मित्राचं पेन परत दिलं, मैत्री पुन्हा मिळाली.' शब्द मोजताना भाषाही सुधारते. नको ते शब्द आपोआप गळतात. पहिली-दुसरीच्या मुलांकडून तोंडी करून घ्या, वाटल्यास चित्र काढू द्या. तिसरीपासून पुढे वहीत लिहू द्या. बोलीतले शब्द आले तर खोडू नका.

पालकांसाठी

कुरळमध्ये अपत्यावर एक अध्याय आहे. लहान लेकराने इवल्या हातांनी कालवलेलं साधं अन्नही आईबापांना अमृतापेक्षा गोड लागतं आणि त्याच्या बोबड्या बोलांपुढे बासरी-वीणा फिकी पडते, असं तो सांगतो. लगेच कर्तव्यही सांगतो. बापाने मुलासाठी करायचं काम कोणतं, तर चार शहाण्या माणसांच्या बैठकीत त्याला मानाने पुढे बसता येईल इतकं शिकवणं. जमीन, पैसा यांचा तिथे विषय नाही. ऊसतोडीला जाताना मुलांना सोबत नेऊ नका, आजी-आजोबांकडे ठेवा, हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर तिथे ठेवा, पण शाळा तोडू नका, हे आम्ही दरवर्षी सांगतो. त्यामागे हेच आहे.

आणि एक सोपी गोष्ट. कुरळमध्ये शिक्षणाच्या जोडीला 'ऐकण्या'वरही अध्याय आहे. कानाने मिळालेलं धन सर्वांत मोठं, असं तो मानतो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या आई-आजींनाही त्यामुळे मुलाच्या शिक्षणात जागा मिळते. रात्री जेवताना दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा. मुलाला विचारा, या आठवड्याचं मूल्य कोणतं? त्याने सांगितलं की लगेच उपदेश करू नका. 'का रे, असं का?' एवढंच विचारा आणि ऐकत बसा.

पुढच्या सोमवारी सुरुवात करायची असेल तर 'गोड बोलणे' हे मूल्य घ्या. सगळ्यांत सोपं तेच आहे, आणि मधल्या सुट्टीत नळाजवळ फरक पडला का, हे लगेच पाहताही येतं. तुमच्या वर्गातल्या मुलांनी केलेले सात शब्दांचे सुविचार जरूर कळवा.